दाखला काढण्याआधी

मैत्रिणींनो, जून उजाडला की माझ्या उंबऱ्याबाहेर चपलांची गर्दी वाढते. मी काही कुणी मोठी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. शाळेत तासांवर शिकवते आणि उरलेल्या वेळात तुमच्यासारखंच घर सांभाळते. पण ‘बाई बी. ए. आहेत, त्यांना कागदातलं कळतं’ असा समज आमच्या कुरुंदवाडच्या गल्लीत पसरलेला आहे, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडतोही. पूर्वी येणारी बाई विचारायची, ‘मुलीचं नाव कुठल्या कॉलेजात घालू?’ अलीकडे प्रश्न वेगळाच असतो. ‘नाव घातलंय हो, पण आता काढून दुसरीकडं घालावं का?’

आमच्या गावाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी वसलेलं गाव. गावात कॉलेज आहे. एस. टी. धरली की जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, मिरज. आणखी थोडी कळ काढली की कोल्हापूर. दत्तवाडच्या बाजूनं दूधगंगा ओलांडली की कर्नाटक, तिथंही कॉलेजं. इतकी नावं कानांवर पडत असतात, की एक सोडून दुसरं धरणं म्हणजे गाडी बदलण्यासारखं वाटायला लागतं. पण गाडी चुकली तर तासाभरानं दुसरी मिळते. इथं चुकलं की अख्खं वर्ष जातं, आणि मुलीचं वर्ष गेलं की घरात लगेच स्थळांच्या गोष्टी सुरू होतात, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आज एका सुनेचीच हकिगत सांगते. गेल्या वर्षी वैशाखात शेजारच्या घरी सून आली. माहेर चिकोडी तालुक्यातलं. घरात मराठी, शाळाही मराठी, पण कॉलेज तिकडचं, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. बी. एस्सी.ची दोन वर्षं झालेली, एकच उरलेलं. लग्न ठरवताना ‘शिक्षण पुरं करू देऊ’ असा शब्द सासरच्यांनी दिला होता, आणि देताना त्यांच्या मनात खोट नव्हती. ते पुरं करायचं कुठून, एवढंच बैठकीत कुणी काढलं नव्हतं. मानपान, सोनं, कार्यालय सगळं निघालं, हे राहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई आल्या. गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणतात. म्हणाल्या, ‘बाई, सुनेचं नाव हितल्या कॉलेजात घालून द्या की. सकाळी जाईल, दुपारच्याला घरात. दोन्ही बी हुतंय.’ मागं सून उभी. ती काही बोलली नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली, आणि पिशवीत चारही सत्रांच्या गुणपत्रिका.

मी म्हटलं, ‘आक्का, बसा. चहा ठेवते. आधी कागद बघू.’

कागद बघू म्हणाले, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, बी. एस्सी. म्हणजे बी. एस्सी., कुठूनही केली तरी तीच. तिथंच घोटाळा होतो. कॉलेज बदलायचा विषय निघाला की पहिल्यांदा विद्यापीठ कुठलं ते विचारावं. आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. सोलापूरही होतं, ते २००४ साली वेगळं झालं. तेव्हा कुरुंदवाडहून सांगलीला जा, कराडला जा, नाहीतर कोल्हापूरच्या कॉलेजातून इकडे या, छप्पर एकच. कॉलेज सोडल्याचा दाखला, ना हरकत पत्र, गुणपत्रिका, आणि घेणाऱ्या कॉलेजात जागा असली की बहुतेक काम होतं. त्यातही एक मेख आहे. काही कॉलेजं आता स्वायत्त झालेली आहेत. त्यांचा अभ्यासक्रम ती स्वतः ठरवतात, म्हणून एकाच विद्यापीठातली असली तरी विषय जुळतात का ते ताडून पाहावं लागतं.

विद्यापीठ बदललं की मात्र सगळा संसार बदलतो. मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, नव्या विद्यापीठाकडून पात्रता ठरवून घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे आधी शिकलेले विषय त्यांच्या विषयांच्या बरोबरीचे आहेत की नाहीत हे ते बघतात. नसले तर राहिलेले पेपर द्या, किंवा एक वर्ष मागं या. आमच्या सुनेचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण राज्यही दुसरं. कर्नाटकानं २०२१ साली नवं शैक्षणिक धोरण कॉलेजांत आणलं आणि २०२४ साली ते बाजूला ठेवून पुन्हा स्वतःची तीन वर्षांची पद्धत घेतली. आपल्याकडे नेमकं उलट. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांतून २०२४-२५ पासून नवं धोरण सुरू झालं. एका नदीच्या दोन काठांवर दोन तऱ्हा. तिच्या गुणपत्रिकेवरचे विषय आणि इकडच्या तिसऱ्या वर्षाचे विषय मी समोरासमोर ठेवले, तर रसायनशास्त्र सोडलं तर धागा जुळेना. भाषेचे विषय तर पूर्ण वेगळे.

आणि सवलतींचं काय? तिला तिकडं फीत सवलत होती, जातीच्या दाखल्यावर. एका राज्याच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात ती दारं उघडत नाहीत, लग्न होऊन आलेल्या मुलीलाही नाहीत. हे ऐकल्यावर आक्का पहिल्यांदा गप्प झाल्या. फी किती बसेल याचा अंदाज सांगितल्यावर आणखी गप्प.

एवढं सगळं झालं, तरी सुनेला कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, ‘तुला काय वाटतं गं?’ ती म्हणाली, ‘मॅडम, एकच वर्ष हाय. माझे प्रॅक्टिकलचे पार्टनर तिथं हायत. सर वळखतात. हितं आले तर पहिली दोन महिनं प्रयोगशाळेचं दार कुठं हाय ते शोधण्यातच जातील.’ मला हे उत्तर फार आवडलं. आपण मोठी माणसं फी, अंतर, नाव यांचा हिशेब करतो. शिकणारीला ठाऊक असतं की वर्गात कुणाजवळ बसलं की समजतं, कुठल्या सरांना शंका विचारायची भीती वाटत नाही. हे कुठल्याच माहितीपुस्तकात छापलेलं नसतं.

आता आक्कांची बाजू. त्या काही दुष्ट सासू नाहीत. गुडघे गेलेत. दारात दोन म्हशी. पहाटेची धार, डेअरीला दूध, मग भाकरी. सून येईल आणि हाताखाली होईल, ही आशा त्यांनी दोन वर्षं धरली होती. शिवाय, ‘लग्न झालं आणि पोरगी म्हैनाभर म्हायेरात, लोक काय म्हणतील?’ हे तर होतंच. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की कॉलेज बदलायची कल्पना निघाली होती ती सुनेच्या शिक्षणाच्या अडचणीतून नव्हे, म्हशींच्या धारेतून. यात हसण्यासारखं काही नाही. घरोघरी असंच असतं. मुलीचं कॉलेज बदलायचं कारण म्हणून जे तोंडानं सांगितलं जातं, त्याच्या मागं घरातली दुसरीच एखादी अडचण उभी असते. धाकट्याची शाळा, आजीचं आजारपण, वडिलांची बदली, नाहीतर शेजारणीची मुलगी कुठं जाते ते. अडचण खरी असते. पण ती सोडवायला मुलीचा दाखलाच काढायला हवा का, हे पाहावं. म्हशींवर दुसरा उपाय निघाला तर कॉलेज जागेवर राहू शकत होतं.

मग मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. आक्कांना दाखवलं, की वर्ष म्हणजे बारा महिने नव्हेत. सत्र परीक्षेच्या सुट्ट्या, दिवाळी, रविवार काढले तर कॉलेजचे दिवस किती राहतात. त्यातले प्रॅक्टिकलचे दिवस आठवड्याला कोणते, ते सुनेनं सांगितलं. बसून ठरलं ते असं : सोमवार ते गुरुवार माहेरी, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं इकडे, सोमवारी पहाटे परत. आणि पहाटेची धार? ती मुलानं काढायची. आक्का उडाल्याच. ‘त्याला जमतंय व्हय?’ मुलगा दारात उभा होता, म्हणाला, ‘शिकीन की.’ पहिले आठ दिवस म्हशीनं पान्हा चोरला, हे सगळ्या गल्लीला कळलं. नंतर म्हैस आणि मुलगा दोघंही सरावले.

जाण्यायेण्याच्या खर्चाची एक गंमत सांगते. कर्नाटकात जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना सरकारी बस फुकट आहे, आणि आपल्याकडे मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट. सुनेच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता होता. नदीच्या अलीकडे अर्धं, पलीकडे काहीच नाही. नवी सून आली की पहिल्या आठवड्यात आधारचा पत्ता बदलायची घाई करतात ना, ती इथं केली असती तर हे गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कॉलेज बदलूच नये? असं कुठं म्हटलं मी! तिचं एक वर्ष राहिलं होतं म्हणून. दोन वर्षं राहिली असती आणि विद्यापीठ एकच असतं, तर मीच तिचं नाव इकडं घालायला सांगितलं असतं. आमच्या कृष्णाकाठी वांग्याचं पीक मोठं. रोप कधी उपटून लावायचं हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. फार कोवळं असताना उपटलं तर जगत नाही, कळी धरल्यावर हलवलं तर कळी गळते. पदवीच्या तीन वर्षांत दुसऱ्या वर्षाची सुरुवात ही त्यातली बरी वेळ. एक वर्षाचे गुण हातात असतात, मुख्य विषय अजून पक्का व्हायचा असतो, आणि नव्या ठिकाणी रुळायला दोन वर्षं मिळतात. वर्षाच्या मध्येच, दिवाळीनंतर, निघायची भाषा करणाऱ्यांना मी सरळ सांगते, आता मे महिन्यापर्यंत कळ काढा.

बदलून भलं झालेलंही पाहिलंय की. आमच्याच गल्लीतली एक मुलगी बी. कॉम.साठी कोल्हापूरला जायची. पहाटे अंधारात निघायची, दिवेलागणीला यायची. एस. टी.चा विद्यार्थी पास होता, त्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणून पैशाचा बोजा नव्हता. बोजा होता तो अंगावर. वर्षभरात पोरीचे डोळे खोल गेले. गाडी चुकली की पहिला तास बुडायचा आणि तेवढ्यानं हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली. आईचा हट्ट होता, ‘कोल्हापूरचं नाव लागतंय की.’ मी त्यांना विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र दाखवलं, माझं स्वतःचं. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव कुणाचं? विद्यापीठाचं. राजाराम कॉलेज १८८० सालचं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ सालचं, त्यांची परंपरा मोठी आहे आणि तिथं राहून शिकता येत असेल तर जरूर शिकावं. पण रोजचे चार-चार तास गाडीत घालवून, ग्रंथालयात पाऊल न टाकता, एकाही स्नेहसंमेलनाला न थांबता त्या परंपरेतलं मुलीच्या वाट्याला येतं काय? दुसऱ्या वर्षाला तिनं घराजवळच्या कॉलेजात नाव घातलं. लोक म्हणाले, ‘नापास झाली असंल.’ म्हणू देत. वाचलेल्या वेळात तिनं टॅलीचा कोर्स केला, आणि आता जयसिंगपुरात एका दुकानाचे हिशेब लिहून स्वतःची फी स्वतः भरते.

आमच्या भागात पुराचाही विचार करावा लागतो. २०१९च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१च्या जुलैत शिरोळ तालुक्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. रस्ते पाण्याखाली, गाड्या बंद, माणसं छावण्यांत. २००५चा पूर आमच्या सासूबाई अजून सांगतात. ज्या मुलीची वाट दोन पुलांवरून जाते तिनं पावसाळ्यातलं सत्र कसं काढायचं, याचा हिशेब प्रवेशाच्या आधीच करावा. अशा घरांना मी वसतिगृह सुचवते, निदान जुलै ते सप्टेंबर. कॉलेज बदलण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडतं.

माझी पुतणी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षी दिवाळीला आली ती रडतच. मेसचं जेवण, खोलीतल्या मुली, मराठी बोलायला कुणी नाही, गणिताचा पेपर राहिला. ‘काकू, मी सांगलीला येते.’ तिला पाट्यावर चटणी वाटायला बसवलं (मिक्सर बिघडला होता, उगीच माझं कौतुक नको) आणि म्हटलं, ‘एकेक अडचण सांग, आणि सांगलीला आलीस तर ती सुटते का तेही तूच सांग.’ मेस सुटत होती. खोलीतल्या मुली सुटत होत्या. गणित मात्र तिच्या पिशवीत बसून सांगलीला येणार होतं. आणखी एक पैशाची बाब होती. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. जागा सोडून घाईघाईनं मिळेल ती दुसरी धरायची तर ही गोष्ट आधी विचारून घ्यायला हवी. पुतणी परत गेली. खोली बदलली, गणिताला शिकवणी लावली. अजून मेसला नावं ठेवते.

आमच्या गावाला एक जुनं उदाहरण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर इथलेच, जन्म १८७२चा. लहानपणी शोभेच्या दारूनं डोळ्यांना इजा झाली आणि शाळेतलं वाचन-लेखन संपलं. पुढं ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. कुरुंदवाड ते मिरज, आज आपल्याला किरकोळ वाटतं अंतर. पण त्या जाण्याचं कारण पक्कं होतं. एक वाट बंद झाली होती आणि दुसरी तिथंच होती. त्याच मुलानं पुढं, ५ मे १९०१ रोजी, लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि १९०८ साली मुंबईत. कारण इतकं पक्कं असेल तर मीही म्हणेन, खुशाल जाऊ द्या मुलीला, लांब असलं तरी.

कधी कधी बदलणं नको असतं आणि पुढं चालू ठेवणंही जमत नाही. बाळंतपण येतं, घरात आजारपण येतं, पैसे संपतात. तेव्हा आपण पटकन ‘सोडलं कॉलेज’ म्हणून मोकळ्या होतो. डॉ. आंबेडकरांची गोष्ट लक्षात ठेवा. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ साली त्यांना परत यावं लागलं. पण येताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. इथं येऊन सिडनहॅम कॉलेजात शिकवलं. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावला परिषद झाली, शाहू महाराज तिथं होते, आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. महाराजांनी मदत केली. १९२१ला एम. एस्सी., १९२३ला डी. एस्सी. सगळं पुरं केलं. मोठ्या माणसाची बरोबरी कोण करणार! पण परवानगी मागून ठेवणं तर आपल्याला जमण्यासारखं आहे ना?

आता तर त्याची सोयही झाली आहे. २०२१पासून शैक्षणिक क्रेडिट बँक सुरू झाली आहे. नाव बँक, पैसे नाहीत, मुलीनं पास केलेल्या विषयांचे श्रेयांक तिच्या नावावर जमा होतात. आपल्याकडे एका सत्राला साधारण २२. मध्ये थांबलं तरी ते सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात. तेव्हा बाळंतपणासाठी थांबलेल्या सुनेला ‘झालं, आता संपलं’ म्हणू नका. तिचं खातं उघडलंय का, त्यात काय जमा दिसतंय, एवढं बघून ठेवा. आणि कॉलेजला जाणंच अशक्य असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षणही आहे. बी. ए., बी. कॉम.ला ते उत्तम. प्रयोगशाळेच्या विषयांना मात्र कॉलेजची पायरी चढावीच लागते.

शेवटी कागदांचं थोडं, कारण बायका तिथंच फसतात. नव्या कॉलेजनं ‘घेतो’ असं लेखी दिल्याशिवाय जुन्याचा दाखला काढू नका. तोंडी आश्वासनावर दाखला काढलेली एक मुलगी मी पाहिली आहे. इकडं जागा नाही, तिकडं नाव कमी झालेलं. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून कॉलेजनं परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायचे नसतात, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच सांगितलं आहे. फी परत मिळण्याचा नियमही त्याच वेळचा आहे. प्रवेशाची शेवटची तारीख जाहीर होते, तिच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर सगळी फी, त्यानंतर पण तारखेच्या आत काढलं तर नव्वद टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत ऐंशी, महिन्याच्या आत पन्नास, आणि मग काही नाही. आयोग मधूनमधून त्या-त्या वर्षासाठी वेगळ्या तारखा काढतो, त्या कॉलेजच्या फलकावर बघाव्यात. तेव्हा ‘बघू गणपती झाल्यावर’ हे वाक्य महागात पडतं. अर्ज द्यायचा तो दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. शिक्का मागायला लाजू नका, शिक्के मारायला तिथं माणूस बसवलेला असतो.

आणखी एक, नव्या सुनांच्या सासूबाईंसाठी. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, क्रेडिटच्या खात्यावर माहेरचं नाव, आणि आधारवर मात्र सासरचं, असं झालं की कागद एकमेकांना ओळख देत नाहीत. मग शपथपत्र, राजपत्र, हेलपाटे. पदवी हातात येईपर्यंत नाव बदलण्याची घाई करू नये. शेजारच्या सुनेनं अजून बदललेलं नाही. मे महिन्यात तिचा शेवटचा पेपर झाला, निकालाची वाट बघतोय. रेशनकार्डावर नाव घालायचं राहिलंय म्हणून आक्का मधूनच कुरकुरतात. निकाल लागला की त्या स्वतःच तिला घेऊन सेवा केंद्रात जाणार आहेत म्हणे, आणि आल्यावर बासुंदी करणार आहेत. दूध घरचंच.